ट्रान्सफरलाही मुदत असते



आपल्या वर्गातल्या काही बायांनी टीशर्टवर नावे छापण्याचा धंदा धरला आहे. त्यांच्यासाठी आज चार गोष्टी सांगणार आहोत.

शर्टावर उमटवायचे चित्र आधी पातळ फिल्मवर छापून मिळते. त्याला ट्रान्सफर म्हणतात. चित्राच्या पाठीवर चिकट भुकटी वितळवून बसवलेली असते. फिल्म कापडावर ठेवायची आणि तापल्या यंत्राखाली दाबायची. आच साधारण १५० अंश. भुकटी पुन्हा वितळते, चित्र कापडाला धरते.

आता आमचीच चूक सांगतो. "एकदम घ्या, स्वस्त पडतील," असा सल्ला उन्हाळ्यात आम्हीच दिला. बायांनी ६० ट्रान्सफर आणले. पत्र्याच्या खोलीत उघड्या फळीवर ठेवले. ऊन गेलं, पाऊस गेला. नवरात्रात एका मंडळाची मागणी आली. शर्ट छापले. दिसायला झकास! पण पहिल्याच धुण्यात अक्षरे सोलली. सगळ्या शर्टांचे पैसे परत द्यावे लागले. चार महिन्यांची बचत गेली. दोष बायांचा नव्हता, अर्धवट सल्ल्याचा होता.

असं का झालं? उघडा पापड पावसाळ्यात सादळतो ना? तशी ही भुकटीही ओल धरते. मग ती नीट चिकटत नाही. फार उष्णतेने फिल्मी एकमेकींना चिकटतात ते वेगळेच. विकणारे सहसा सहा महिने ते वर्षभराची मुदत सांगतात. पण ती मुदत नीट ठेवलेल्या मालाची.

म्हणून असे करा. ट्रान्सफर घडी न घालता, सपाट ठेवा. हवाबंद पिशवीत ठेवा. आत ओल शोषणारी पुडी टाका. ऊन आणि पत्रा यांपासून दूर ठेवा. लागतील तेवढेच आणा. आधी आणलेले आधी वापरा. छापण्यापूर्वी नुसता शर्ट यंत्राखाली क्षणभर दाबा, म्हणजे कापडातली ओल जाईल.

पेरणीआधी आपण मूठभर बियाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहतो. तसेच इथे करा. जुना ट्रान्सफर आधी चिंधीवर छापा. एक दिवस थांबा. धुवा, ताणून पाहा. टिकला तरच शर्टाला हात लावा.

आणि शेवटचे. प्रत्येक पिशवीवर आणल्याची तारीख लिहा. तुम्ही अंक शिकलात, अक्षरे शिकलात. त्या दिवशी पिशवीवर एक ओळ लिहिलेली असती, तर बचत वाचली असती.