धान्याचे कोठार कोणाचे?



व्याख्यानमालेत पंडितांनी बोलावे अशी रीत आहे. आम्ही कामगार संघटनेतली माणसे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण कारखान्यांच्या द्वारसभांत आणि शिधावाटपाच्या रांगांत झाले. त्या रांगेत जे शिकलो तेवढेच आज सांगतो.

पैशांची पेढी आपणा सर्वांना ठाऊक आहे. धान्याचीही पेढी असते. अमेरिकेत फीनिक्स गावी १९६७ साली जॉन व्हॅन हेंगेल नावाच्या गृहस्थाने अशी पेढी काढली. दुकानदार जे अन्न टाकून देणार, ते गोळा करून गरजूंना द्यायचे, असा तिचा व्यवहार. आपल्या मुंबईत डबेवाल्यांनी २०१५ साली रोटी बँक सुरू केली आणि समारंभांत उरलेले अन्न भुकेल्यांपर्यंत पोचवले. या कामांना आमचा नमस्कार आहे. पण देणाऱ्याकडे उरले तरच घेणाऱ्याला मिळते, हा त्यातला उणेपणा आहे. भुकेला सुट्टी नसते, दानाला असते.

आमच्या चामटोलीच्या आसपासच्या वाड्यांत धान्याची उधारी फार जुनी. आषाढात कणगी रिकामी झाली की सावकाराकडून खावटी आणायची आणि पीक निघाले की सवाईने, दिढीने फेडायची. एक मण घेतला तर दीड मण परत. म्हणून सरकारने १९९६-९७ मध्ये आदिवासी भागांत गावोगाव धान्यकोष काढण्याची योजना आणली. कुटुंबामागे एक क्विंटल धान्य गावातच ठेवायचे, अडीअडचणीला उचलायचे आणि सुगीला परत भरायचे. कल्पना उत्तम होती. परंतु ज्याच्या शेतात सुगीच नाही त्याने भरावे कोठून?

तो भरणार कोठून, याचे उत्तर वीटभट्टीवर मिळते. पावसाळ्यात कातकरी कुटुंबाच्या घरी दाणा नसतो. मग भट्टीमालकाकडून उचल घेतली जाते. उचल घेतली की विटांच्या हजारीचा दर मालक ठरवतो, आणि पुढचा सारा हंगाम ती फेडण्यात जातो. मंडळी, भुकेला माणूस भाव करू शकत नाही. हा साऱ्या मजूर चळवळीचा पहिला धडा आहे. १९८२ सालच्या गिरणी संपात हजारो कामगार गावाकडच्या धान्यावर तगले. म्हणून आमच्यासारख्यांनी रेशनच्या रांगेत का उभे राहावे असे कोणी विचारले, तर आम्ही म्हणतो, मजुरीचा दर त्या रांगेत ठरतो.

आता खरे मोठे कोठार पाहू. २०१३ साली अन्नसुरक्षा कायदा झाला. प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो धान्य आणि अंत्योदय कुटुंबाला एकत्रित ३५ किलो मिळते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य आहे. ही भीक नव्हे, कायद्याने दिलेला हक्क आहे. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील प्रौढ स्त्रीचे नाव असावे, हेही कायद्यातच लिहिले आहे. मात्र ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६६ ग्रॅम. त्यात डाळ नाही, तेल नाही. एवढे तुटपुंजे असूनही ते मिळवताना काय होते, ते ऐका.

एका कातकरी बाईबरोबर आम्ही दुकानात गेलो होतो. यंत्रावर तिने अंगठा ठेवला. जुळेना. पुसून ठेवला, दुसरे बोट ठेवले, तरी जुळेना. वर्षानुवर्षे माती मळून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. दुकानदार म्हणाला, ‘पुढच्या महिन्यात या.’ ती निमूटपणे पिशवी घडी घालू लागली. जिने आपल्या घरांच्या विटा थापल्या, तिचे हात तिला ओळख देईनात! आधार जुळले नाही म्हणून पात्र कुटुंबाला धान्य नाकारू नये, अशा केंद्र सरकारच्या २०१७ सालच्या सूचना आहेत. त्या आम्ही दाखवल्या, तासभर वाद घातला, तेव्हा धान्य मिळाले. ज्यांच्याबरोबर कोणी नसते त्यांचे काय?

दुसरे दुखणे शहरातल्या कामगाराचे. राज्यात हा कायदा लागू होताना शहरी कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा ५९,००० रुपये ठरली. महिन्याला पाच हजारांहूनही कमी. अंबरनाथच्या कारखान्यात कंत्राटी मजुराला कायद्याने ठरलेले किमान वेतन मिळाले, की तो या मर्यादेबाहेर गेला. एका कायद्याचे वेतन घ्यावे तर दुसऱ्या कायद्याचा शिधा जातो! शिवाय लाभार्थींची संख्या २०११ च्या जनगणनेवर बेतलेली. त्यानंतर आपली बदलापूर-अंबरनाथची वस्ती किती वाढली, हे लोकलच्या गर्दीत उभे राहणाऱ्याला सांगायला नको.

फुकट धान्याने माणसे आळशी होतात, असे काही सज्जन म्हणतात. त्यांनी उल्हासनगराकडे पाहावे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित उतरले. छावणीत त्यांना शिधा मिळाला. त्या शिध्याने ते आळशी झाले काय? १९४९ साली तेथेच उल्हासनगर उभे राहिले आणि त्याच्या बाजारपेठा आज आपण पाहतो. पोटाला आधार मिळाला की माणूस मान वर करतो, हीच मनुष्यस्वभावाची रीत आहे.

मग आपण काय करावे? प्रत्येक दुकानासाठी दक्षता समिती असावी, असे कायदा सांगतो. तिच्या बैठकीला जाऊन बसावे. भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाला सांगावे की शिधापत्रिका आता देशात कोठेही चालते. कमावत्यांनी वाटा तिकडे घ्यावा, म्हाताऱ्यांनी गावी. ज्याचे धान्य अडले त्याची तक्रार लिहून द्यावी. आपल्यापैकी लिहितावाचता येणाऱ्या प्रत्येकाने महिन्यातून एक सकाळ रांगेतल्या एका माणसाला दिली, तरी पुष्कळ होईल.

कोठार सरकारचे नाही, दुकानदाराचे नाही. ते पिकवणाऱ्याचे आणि राबणाऱ्याचे आहे. त्याची किल्ली झिजलेल्या अंगठ्यालाही लागली पाहिजे, एवढेच आमचे मागणे.