नाव दुसऱ्याने घ्यावे
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)

चारचौघींपुढे उभे राहून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. शिक्षण सातवीपर्यंतचे, चुकले तर सांभाळून घ्यावे.

हळदीकुंकवाला आपण उखाण्यात नाव घेतो, ते यजमानांचे. स्वतःचेच घेतले तर सगळ्या हसतील! पण हल्ली मोठमोठ्या कंपन्यांतील साहेबलोक स्वतःचे नाव घेऊ लागले आहेत. त्याला ‘पर्सनल ब्रँडिंग’ म्हणतात. मोबाईलवर लिंक्डइन म्हणून आहे, तेथे साहेबांचे फोटो, विचार, अनुभव येतात. ते लिहून देणारी माणसेही पैसे देऊन मिळतात.

हे मला कळले माझ्या थोरल्या भावामुळे. त्याला विचारूनच सांगते. दादा अप्रेंटिस म्हणून लागला, नोकरी करून शिकला आणि आज चाकणच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. गेल्या भाऊबीजेला त्याने आपला लेख वाचून दाखविला. ‘माझ्या प्रत्येक कामगाराला मी नावाने ओळखतो,’ असे त्यात होते. शेजारचा मुलगा फराळाला बसला होता. तो तीन वर्षे त्याच कारखान्यात कंत्राटी कामावर. मी सहज विचारले, “दादा, याचे नाव काय रे?”

दादाला सांगता येईना. पोराचे तोंड उतरले. नोकरी जाते की काय, असे त्याला वाटले असावे. मलाही, आपण हे काय बोलून बसलो, असे झाले. दादाने ओवाळणी घातली आणि तो निघून गेला. दोन महिने फोन नाही.

त्या दिवसांत मी पुष्कळ विचार केला. आपल्या पिंपरीचेच पाहा. टेल्कोच्या माळावर सुमंत मुळगावकरांनी झाडे लावविली, तळे करविले. १९८९ साली ते वारले. १९९४ साली कंपनीने नवी गाडी काढली, तिचे नाव ‘सुमो’. त्यांच्या इंग्रजी नाव-आडनावाची पहिली अक्षरे जुळवून ते ठेवले. बारसे दुसऱ्यांनी केले!

त्याच टेल्कोच्या १९७४ च्या जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नये, असे होते. बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी रागाने जे. आर. डी. टाटांना साधे पोस्टकार्ड लिहिले. मुलाखतीचे बोलावणे आले, नोकरीही मिळाली. ही गोष्ट जगाला सांगितली ती सुधाबाईंनी.

म्हणून काही सांगूच नये, असे मी म्हणत नाही. आपण लोणचे विकतो तेव्हा बरणीला लेबल लावतोच. त्यावाचून गिऱ्हाइकाला कळणार कसे? पण लेबलावर कैरी आणि आत लिंबू, असे होऊ नये.

दोन महिन्यांनी दादा आला. लेख लिहविणे त्याने सोडलेले नाही. ते वाक्य मात्र काढून टाकले आहे. आता पहिली पाळी सुरू होताना तो लाईनवर जाऊन उभा राहतो. म्हणाला, “ताई, अजून सगळी नावे येत नाहीत गं.” शेजारचा मुलगा अजून कंत्राटीच आहे, पण साहेब त्याला नावाने हाक मारतात, हे त्याने घरोघर सांगितले.

भगिनींनो, दादाचे खरे नाव निघाले ते तेथे.