विद्यार्थिनींच्या सहवासात
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाई घरी आल्या तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मला व्याख्यान कुठले येते? मुलींची हजेरी घेणे, कोणाला ताप आला तर पेज करून देणे आणि संध्याकाळची प्रार्थना चालविणे, एवढेच मला येते." त्या म्हणाल्या, "मग तेच सांगा." म्हणून तेच सांगते.

पुण्यात कॉलेजात शिकणाऱ्या मुलींच्या एका ख्रिस्ती वसतिगृहाची मी बरीच वर्षे रेक्टर होते. मंडळातील एका भगिनीने मागे मला हळूच विचारले होते, "बाई, राग मानू नका; पण तुम्ही त्या मुलींना बाटवता का हो?" मला राग आला नाही. पाठीमागे कुजबुजण्यापेक्षा तोंडावर विचारलेले केव्हाही चांगले. त्या वेळी मी "नाही हो" म्हणून हसून सोडून दिले. पण हा प्रश्न हसून सोडून देण्याजोगा नाही. आजचे माझे सारे बोलणे म्हणजे त्या भगिनीला उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजा.

विद्यार्थ्यांमधले ख्रिस्ती कार्य ही काही कालपरवाची गोष्ट नव्हे. 1895 साली स्वीडनमधील वाड्स्टेना येथे निरनिराळ्या देशांतील ख्रिस्ती विद्यार्थी-संघटनांनी एकत्र येऊन एक जागतिक संघ स्थापला. त्यात पुढाकार घेणारे जॉन मॉट यांना पुढे 1946 साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशातही 1912 सालापासून विद्यार्थ्यांची ख्रिस्ती चळवळ चालू आहे. या संस्था मोठ्या आहेत. माझे काम मात्र एका इमारतीपुरते, तीस-पस्तीस खाटांपुरते होते.

त्या खाटांवर नगर, जालना, सोलापूर इकडच्या मुली असत. अलीकडच्या वर्षांत नागालँड-मिझोरमच्या मुलीही येऊ लागल्या. त्यांनी आंबवलेल्या सोयाबीनची भाजी शिजविली की तिचा वास थेट रस्त्यापर्यंत जाई आणि शेजारून तक्रार येई. मी मुलींना रागावू लागले, तर त्यांच्यातली एक म्हणाली, "मावशी, आईच्या स्वयंपाकघराचा वास आहे तो." त्यानंतर मी रागावले नाही, रविवारी दुपारी खिडक्या लावून भाजी करावी, असे ठरवून दिले.

जूनमध्ये प्रवेशाची धावपळ, मग शिष्यवृत्तीचे अर्ज, पावसाळ्यात तापाची साथ, नाताळात गाणी आणि मार्चमध्ये रात्रभर जळणारे दिवे, असे आमचे वर्ष जाई. शुक्रवारी संध्याकाळी पवित्र शास्त्राचा अभ्यास असे. पूर्वी रात्री दर उतरल्यावर कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथवर मुलींची रांग लागे. घरी बोलून आलेल्या मुलीचा चेहरा पाहिला की तिच्या घरी काय चालले आहे ते कळे. आता प्रत्येकीच्या हातात मोबाईल आहे. मुलगी उशीत तोंड खुपसून बोलते आणि आपल्याला काही कळत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. विद्यार्थिदशेतील मूल घरापासून दूर असते. त्याचे मन कोवळे असते, आणि जो प्रेमाने बोलेल त्याच्याकडे ते ओढले जाते. म्हणूनच विद्यार्थ्यांमध्ये काम करणाऱ्याची जबाबदारी फार मोठी आहे. आपल्या महाराष्ट्राने याचे कढत अनुभव घेतले आहेत.

1843 सालची श्रीपत शेषाद्रीची हकीकत आपल्यापैकी काहींनी वाचली असेल. मुंबईच्या स्कॉटिश मिशनमध्ये शिकणारे हे दोघे ब्राह्मण भाऊ. थोरल्या नारायणाने बाप्तिस्मा घेतला. धाकटा श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा. तोही भावाबरोबर मिशनऱ्यांच्या घरी राहिला. बाप कोर्टात गेला आणि कोर्टाने अजाण श्रीपतला बापाच्या हवाली केले. पण मुलगा परत आला तरी त्याला जातीत घेईनात. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी त्याला प्रायश्चित्त देऊन परत घेण्यासाठी खटपट केली, तर त्यांच्यावरच लोक उलटले. थोरला नारायण पुढे रेव्हरंड झाला आणि जालन्याकडे त्याने मोठे काम केले. आम्ही ख्रिस्ती लोक त्याचे नाव अभिमानाने घेतो. माझे मन मात्र त्या धाकट्यापाशी अडखळते. बारा वर्षांच्या पोराची केवढी ही ओढाताण! एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला बाप. आणि मोठी माणसे आपापल्या धर्माची बाजू लढवीत आहेत.

दुसरी गोष्ट पंडिता रमाबाईंची. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदासदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आणले. विधवा मुलींनी शिकावे हा हेतू होता आणि सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही असे ठरले होते. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने झोड उठविली. 1893 साली रानडे, भांडारकर यांसारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या.

या गोष्टीचा मी रेक्टर असताना पुष्कळ विचार केला. रमाबाईंनी दार लावून घ्यावयास हवे होते काय? मला तसे वाटत नाही. आपली श्रद्धा कोणी चोरून का पाळावी? पण विधवा लेकीला त्या घरी ठेवून गेलेल्या बापाचा धसकाही मला कळतो. दोन्ही बाजूंनी विचार करता मी स्वतःपुरता एक नियम ठरविला. दार उघडे ठेवावे. मात्र ते जसे आत येणाऱ्यासाठी उघडे, तसेच बाहेर जाणाऱ्यासाठीही उघडे असावे. आपल्या राज्यघटनेच्या 25व्या कलमाने प्रत्येकाला सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य आणि धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली सांगितले. कायद्याचे मला फार कळत नाही, पण मन ज्याचे त्याचे असते एवढे कळते.

भगिनींनो, हा नियम मी एकदम शिकले नाही. एका मुलीचे नुकसान करून शिकले. ते सांगावयास लाज वाटते, पण ते लपवून बाकीचे सांगणे बरे नव्हे.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी शुक्रवारच्या शास्त्राभ्यासाची हजेरी वहीत मांडीत असे. वर्षअखेर समितीला आकडे दाखविता येत. नगर जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावची मुलगी बी.एस्सी.ला होती, आमच्याच मंडळीतल्या घरातली. ती ओळीने चार शुक्रवार आली नाही. पाचव्या आठवड्यात मी तिला सर्व मुलींसमोर उभे केले आणि म्हटले, "ज्या देवाने तुला इथवर आणले, त्याला द्यायला तुझ्यापाशी आठवड्यातून एक तास नाही?" ती काही बोलली नाही. पुढचे तीन शुक्रवार अगदी पुढे येऊन बसली. माझे शब्द लागू पडले म्हणून मी मनात खूष झाले. चौथ्या शुक्रवारी तिची खाट रिकामी होती. ट्रंक घेऊन ती गावी निघून गेली होती.

तिच्या मैत्रिणीने मग सांगितले. शुक्रवारी संध्याकाळी ती पेठेतल्या एका घरी दोन मुलांची शिकवणी घेत असे. त्या पैशांतून तिची खाणावळ भागे. माझ्या बोलण्यावरून तिने शिकवणी सोडली, खाणावळीचे पैसे थकले, आणि कोणापाशी तोंड उघडण्यापेक्षा ती घरी गेली. त्याआधी पंधरा दिवस ती एकाच वेळी जेवत होती. मी तिच्या शेजारी बसून प्रार्थना करीत होते आणि ती उपाशी आहे हे मला दिसले नाही!

मी एस.टी.ने तिच्या गावी गेले. तिच्या आईने गुळाचा चहा केला. आई रागावली असती तर मला बरे वाटले असते. ती एवढेच म्हणाली, "बाई, पोर देवाच्या घरी हाय म्हणून आम्ही निर्धास्त होतो." मुलगी बाहेर आली नाही. तिचे ते वर्ष फुकट गेले. पुढच्या जूनमध्ये तिने दुसरीकडे नाव घातले आणि शिक्षण पुरे केले, असे ऐकले. तिने मला कधी पत्र लिहिले नाही आणि तिने लिहावे अशी माझी अपेक्षाही नाही.

परत आल्यावर मी हजेरीची ती वही बंद केली. समितीत विचारणा झाली तेव्हा घडले ते सांगितले. तेव्हापासून शुक्रवारी कोण आले हे मी मोजले नाही. रात्री जेवणघरात मात्र कोण आले नाही, हे रोज पाहिले.

आणखी एक प्रसंग सांगते. एक हिंदू मुलगी आपण होऊन शास्त्राभ्यासाला येत असे. तिचे वडील वारले, आणि महिन्याभराने तिने मला सांगितले, "बाई, मला बाप्तिस्मा घ्यायचा आहे." कोणा ख्रिस्ती सेविकेला याहून आनंदाचे काय असणार? पण ती रात्र रात्र रडत होती, हे मी पाहत होते. मी म्हटले, "आधी परीक्षा दे. मग घरी जा, आईपाशी रहा, तिला मोकळेपणाने सांग. त्यानंतरही मनात असेल तर आपण पाळकसाहेबांकडे जाऊ." माझ्या काही सहकाऱ्यांनी मला दोष दिला. देवाचे काम अडविलेत, असे म्हणाले. ती घरी गेली आणि तिने बाप्तिस्मा घेतला नाही. आजही ती नाताळात मुलांना घेऊन येते आणि माझ्याबरोबर उपासनेला बसते. मी केले ते बरोबर की चूक, हे मला अजून ठामपणे सांगता येत नाही. पण दुःखाने वाकलेल्या मुलीचा हात धरून तिला आपल्या बाजूला ओढणे माझ्याने झाले नसते, एवढे खरे.

आमचे कवी नारायण वामन टिळक यांना 1893 साली आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या गृहस्थाने पवित्र शास्त्राचे पुस्तक दिले. पुढे दोन वर्षांनी टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तो गृहस्थ आपल्या वाटेने निघून गेला होता. विद्यार्थ्यांत काम करणाऱ्यालाही असेच निघून जाता आले पाहिजे. मुली तीन वर्षे राहतात आणि जातात. कोणाच्या मनात काय रुजले, ते पाहणे आपल्या वाट्याला येईलच असे नाही.

तर त्या भगिनीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. मी माझ्या प्रभूचे नाव लपविले नाही, आणि कोणाच्या लेकीवर ते लादलेही नाही. जिथे चुकले, तिथे आमच्याच मंडळीतल्या एका लेकीच्या बाबतीत चुकले.

शेवटी मंडळाला एक विनंती करते. आपल्या गल्लीत कितीतरी विद्यार्थिनी खोल्या घेऊन राहतात. त्या कोणत्या धर्माच्या, कोणत्या प्रांताच्या, हे नंतर विचारा. जिन्यात भेटली तर आधी "जेवलीस का गं?" एवढे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. पुष्कळ मुली "हो" म्हणतात आणि ते खरे नसते.