संतूर आणि बारा स्वर

आम्हा रायपूरच्या मराठी घरांतून चित्रपटगीते रोज कानी पडतात. परंतु गीतामागील वादकाचे नाव सहसा कोणी विचारीत नाही. असे एक नाव पंडित उल्हास बापट (१९५०–२०१८) यांचे.

त्यांचे वाद्य संतूर. पाश्चात्त्य हार्पप्रमाणे याही वाद्याच्या तारा मोकळ्या. हार्पचे स्वर पायाने दाबायच्या सात कळांनी बदलता येतात. संतूरला तीही सोय नाही. राग बदलला की तारा पुन्हा जुळवाव्या लागतात. शिवाय, ज्यात मींड नाही त्यात राग कसा खुलणार, हा जुना आक्षेप आहेच. पंडित शिवकुमार शर्मांनी हे काश्मिरी वाद्य शास्त्रीय मैफलीत रुजविले. बापटांनी त्यावर बाराही स्वर जुळवून ठेवले. मग एका रागातून दुसऱ्या रागात जाताना थांबणे उरले नाही. आघाताच्या कलमांनीच त्यांनी मींडही साधली.

१९७८च्या ‘घर’पासून १९९४च्या ‘१९४२ अ लव्ह स्टोरी’पर्यंत राहुल देव बर्मन यांच्या संगीतात त्यांचे संतूर वाजले, रागसंगीताची मैफल मात्र त्यांनी सोडली नाही. ती गीते पुन्हा कानी येतील, तेव्हा शब्दांमागचा तो झंकार क्षणभर अवश्य ऐकावा.