खेट्याच्या रविवारची मिसळ



माघ लागला की कोल्हापुरात रविवारी पहाटे रस्त्यावर अनवाणी माणसं दिसू लागतात. पंचगंगा ओलांडायची, वडणगे, निगवे, कुशिरे मागे टाकायचं आणि गायमुखाच्या वाटेनं जोतिबाचा डोंगर चढायचा. असे पाच रविवार. यालाच आपण खेटे म्हणतो. जोतिबानं इथून जाऊ नये म्हणून अंबाबाई अनवाणी त्याला विनवायला गेली, त्याची ही आठवण, असं जुनी माणसं सांगतात.

माझा शाळेतला एक दोस्त पुण्याला असतो. एका माघात तो खास खेट्याला आला. दर्शन घेऊन, गुलालानं माखून आम्ही एसटीनं घरी परतलो तेव्हा साडेदहा वाजले होते. न्याहारीची वेळ टळलेली, जेवणाला अवकाश. आज बोलायचंय ते या मधल्या भुकेबद्दल.

इंग्रजांनी या वेळच्या खाण्याला ‘ब्रंच’ म्हटलं. गाय बेरिंजर नावाच्या लेखकानं १८९५ साली ‘हंटर्स वीकली’त त्याची बाजू मांडली: रविवारी उशिरा उठावं, न्याहारी आणि जेवण एकदमच उरकावं, गप्पा माराव्यात. त्याच्या पाचच वर्षं आधी, १० जून १८९० पासून, मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली होती. त्यासाठी झगडले नारायण मेघाजी लोखंडे, आणि रविवार हा खंडोबाचा वार, हेही एक कारण त्यांनी पुढं केलं होतं. जोतिबाचा वारही रविवारच. साहेबाला उशिरा उठल्यामुळं ती भूक लागायची, आपल्याला पहाटे चारला उठल्यामुळं लागते, एवढाच काय तो फरक.

आता करायचं काय? कोल्हापुरात पाहुणा आला की तांबडा-पांढरा ठरलेला. पण ज्या घरात जोतिबाचा वार पाळतात, तिथं रविवारी वशाट नाही. मग पुरणपोळी? देवाचा नैवेद्य तोच. पण पुरणपोळी खाल्लेला माणूस गप्पा मारत नाही, झोपतो.   

त्या रविवारी मी हौसेनं कांदाभजी आणि थालीपीठं करायला घेतली. गरमागरम वाढायची म्हणून तासभर कढईपुढं उभा राहिलो. दोस्त बाहेर एकटाच खात बसला, पेपर वाचत. शेवटचं थालीपीठ घेऊन मी बाहेर आलो, तर तो हात धुऊन बसलेला. म्हणाला, “लेका, मी काय खायला आलो होतो व्हय?”

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. जुन्या मित्रासाठी मिसळच करावी. तिची नव्वद टक्के मेहनत आदल्या दिवशी संपते आणि यजमानाला पाहुण्याबरोबर बसता येतं.

चौघांसाठी पाव किलो मटकी पुरते. शुक्रवारी रात्री ती भिजत घाला, शनिवारी सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधा. माघातल्या थंडीत मोड सावकाश येतात, म्हणून पुरा दिवस हाताशी ठेवायचा. शनिवारी संध्याकाळी वाटण करा: दोन-तीन कांदे, अर्धी वाटी सुकं खोबरं, दोन चमचे तीळ, आलं, लसूण. कांदा आणि खोबरं खरपूस भाजा, पण जळू देऊ नका. खोबरं जळलं की कट, म्हणजे मिसळीचा रस्सा, कडू होतो, आणि मग त्यात गूळ घालून काही उपयोग नाही.

रविवारी आल्यावर फक्त फोडणी. तेल अर्धी वाटी, हात आखडू नका. वाटण तेल सुटेपर्यंत परता, मग आच मंद करून तीन-चार चमचे घरची कांदा-लसूण चटणी घाला. चटणीचा लाल रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. कटावर लाल तवंग येतो तो यामुळंच. नुसत्या रंगासाठी चटणीत ब्याडगी मिरची हवी, झणका संकेश्वरीचा. वरून पाणी घालाल ते उकळतं घाला, मीठ टाका आणि दहा-पंधरा मिनिटं उकळू द्या. मटकी हळद-मीठ घालून वेगळी शिजवा, मोड अख्खे राहिले पाहिजेत.

ताटलीत आधी मटकी, वर फरसाण, शेव, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, मग कट. सोबत ब्रेडच्या स्लाइस. पुण्याच्या दोस्तानं मिसळीत पोहे मागितले, तर त्याला प्रेमानं नाही म्हणा. लिंबू मात्र द्या.

कटाचं भांडं मध्ये ठेवा, ज्यानं त्यानं हवा तेवढा ओतून घ्यावा. शहरात राहून जिभेची सवय मोडलेली असते, ते दोस्त तोंडानं कबूल करत नाही. डोळ्यांत पाणी आलं तर त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवू नका. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, पाण्यानं तो तोंडभर पसरतो. दही द्या, नाहीतर म्हशीचं गार दूध. दुधातली प्रथिनं आणि स्निग्धांश तिखट धुऊन काढतात. गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिणाऱ्या गावाला हे वेगळं सांगायला नको.

पुढच्या खेट्याला दोस्त पुन्हा आला. मिसळ संपली तेव्हा साडेबारा वाजले होते आणि आमचं बोलणं अजून आठवीच्या वर्गातच होतं.

तुमच्याकडं कुणी येणार असेल तर त्याला आधी एवढंच विचारा, उपवास आहे का. नसेल, तर शुक्रवारी रात्री मटकी भिजत घालायला विसरू नका. जोतिबाच्या नावानं चांगभलं!