टोकियोतील ९० दिवस

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



परदेशातील वास्तव्याचे चार अनुभव सांगावेत, अशी आज्ञा चिटणीसांनी केली तेव्हा आम्ही संकोचलो. आम्ही पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेले प्राथमिक शिक्षक. ३४ वर्षे नकाशावर छडी ठेवून मुलांस जपान दाखविले. प्रत्यक्ष तेथे पाऊल पडेल असे स्वप्नातही नव्हते. परंतु चिरंजीव संगणकाच्या नोकरीनिमित्त टोकियोस गेले, नात शाळेत जावयाची झाली, आणि सूनबाईंनी आम्हां उभयतांस आग्रहाने बोलावून घेतले. पाहुण्यांस ९० दिवसांचा परवाना मिळतो. त्याप्रमाणे गतवर्षी एप्रिल ते जून हे तीन महिने आम्ही तेथे काढले. त्याची ही हकीकत.

चिरंजीवांचे बिऱ्हाड एदोगावा प्रभागातील निशी-कासाई या वस्तीत, सातव्या मजल्यावर आहे. सन २००० च्या सुमारास संगणकतज्ज्ञांची मोठी मागणी निघाली, तेव्हापासून आपले लोक या भागात स्थिरावू लागले. कारण येथून तोझाई मार्गाच्या आगगाडीने पेढ्यांच्या भागात थेट जाता येते. योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ २०१९ साली याच प्रभागाच्या सभेवर निवडून आले, हे ऐकून आम्हांस अभिमान वाटला. शेजारी तेलुगू, समोर तमिळ, खाली जपानी. तुम्ही कोणाचे, कोठले, असे कोणी विचारले नाही. मीठ मागितले की मीठ मिळाले, एवढे खरे.

पहिली फजिती झाली ती कचऱ्यावरून. तेथे कचऱ्याचेही वेळापत्रक असते. जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, न जळणारा वेगळ्या दिवशी, बाटल्या व डबे आणखी वेगळ्या दिवशी. पाण्याच्या बाटलीचे झाकण निराळे, वेष्टन निराळे, बाटली धुऊन निराळी! आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्याच आठवड्यात सर्व एका पिशवीत भरून ठेवले. गाडी आली आणि गेली. आमची पिशवी तेवढी चिठ्ठी चिकटवून मागे ठेवलेली. खालच्या मजल्यावरील वृद्ध बाईंनी, एक अक्षर न रागावता, खुणांनी सर्व समजावले. कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून त्यांवर जाळे कसे पसरावे, तेही दाखविले. सौ. म्हणाल्या, “सासूबाईंनंतर एवढी शिस्त आज पाहिली.”

दुसरी फजिती आमची. फिरावयास निघालो आणि वाट चुकलो. तेथे बहुतेक रस्त्यांस नावेच नसतात; क्रमांक दिलेला असतो तो घरांच्या गटास. भूगोलाचा शिक्षक तासभर त्याच त्या चौकांत हिंडत होता! अखेर कोपऱ्यावरील लहानशा पोलीस चौकीत शिरलो. शिपायाने लवून नमस्कार केला, भला मोठा नकाशा पसरला, खिशातील पत्त्याच्या चिठ्ठीवरून घर शोधले आणि वळणापर्यंत स्वतः पोचते केले. त्या दिवसापासून पत्त्याची चिठ्ठी सौ. स्वतः आमच्या खिशात घालू लागल्या.

परंतु आज ज्यासाठी उभे राहिलो, ती गोष्ट याहून वेगळी आहे.

जपानात शालेय वर्ष एप्रिलात सुरू होते. नातीच्या शाळेने आणावयाच्या वस्तूंची यादी दिली, तीत एक कापूस भरलेले टोपडे होते. भूकंप झाल्यास मुलांनी ते डोक्यावर ओढावयाचे. एरवी ते खुर्चीवरच ठेवलेले असते. बाजारात ते तयार मिळते. पण सौ. म्हणाल्या, “विकत कशाला? मी शिवते.” मापात असेल तर चालेल, असे शाळेने कळविले. मग आपल्या जुन्या लुगड्याचे पदर एकावर एक ठेवून, गोधडीच्या टाक्यांनी त्यांनी ते टोपडे शिवले. शिवताना त्या फारशा बोलल्या नाहीत. का बोलल्या नाहीत, ते आम्हांस ठाऊक होते.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपतींचे विसर्जन झालेले, गावे दमून झोपलेली. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली. सुमारे ८,००० माणसे गेली. त्यांत सास्तूरला दिलेली सौ.ची धाकटी बहीण होती. या सभागृहात अशी अनेक घरे आहेत, की ज्यांस ही तारीख सांगावी लागत नाही.

मे महिन्यातील एका सायंकाळी आम्ही चौघे घरात होतो. चिरंजीव कचेरीत होते. एकाएकी घरातील सर्व फोन एकदम कर्कश वाजू लागले. भूकंपाची पहिली लाट वेगवान पण सौम्य असते. तिची नोंद होताच, मागून येणाऱ्या जोरदार लाटेआधी काही क्षण ही सूचना मिळते. २००७ पासून ती तेथील सर्व जनतेस दिली जाते. सौ. ताडकन उठल्या आणि दाराकडे धावल्या. सहा वर्षांच्या नातीने त्यांचा पदर घट्ट धरला. “आजी, धावायचं नाही! ओकाशीमो!” आणि ती आजीस टेबलाखाली घेऊन गेली. पाठोपाठ सूनबाई आणि आम्हीही. इमारत नावेसारखी डोलली, दिवे हेलकावले, कपाटातील भांडी वाजली. मग सर्व शांत झाले. एक पेलासुद्धा फुटला नाही.

ओकाशीमो म्हणजे काय? ढकलू नका, धावू नका, बोलू नका, परत फिरू नका, या चार जपानी वाक्यांची आद्याक्षरे. त्यातील ‘ओकाशी’ म्हणजे खाऊ. म्हणून बालकांच्या सहज ध्यानात राहते. शाळेत याचा वारंवार सराव होतो. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात टोकियो व योकोहामा भागात एक लाखाहून अधिक माणसे गेली. त्या तारखेस सारे राष्ट्र दरवर्षी तयारी तपासते.

त्या रात्री सौ. पुष्कळ वेळ जाग्या होत्या. अखेर म्हणाल्या, “एवढंसं पोर मला सांगतं. माझ्या बहिणीला कोणी सांगितलं असतं तर?” आम्ही खरे तेच उत्तर दिले. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. त्याखाली टेबलाने काय होणार? माणसे भूकंपाने मरत नाहीत, घराखाली मरतात. जपानने १९८१ मध्ये बांधकामाचे नियम कडक केले, म्हणून आमची इमारत डोलली पण पडली नाही. यावर त्यांनी विचारले, “मग तुम्ही शाळेत काय शिकवलंत?”

बंधुभगिनींनो, या प्रश्नाने आम्ही निरुत्तर झालो. भूकंपाची कारणे आम्ही ३४ वर्षे शिकविली. तो पाच गुणांचा हमखास प्रश्न होता. मुले पाठ करीत, गुण मिळवीत. परंतु १९९३ नंतरही, आपल्याच जिल्ह्यात, एकदाही आम्ही मुलांस बाकाखाली बसविले नाही. घरे कशी पडली हे डोळ्यांनी पाहिले, आणि घर कसे असावे हे एकाही पालकास सांगितले नाही. हा दोष दुसऱ्या कोणाचा नव्हे, आमचा आहे, आणि तो आपल्यासमोर कबूल करावा, म्हणूनच आज उभे राहिलो.

मंडळाकडे आमच्या दोन विनंत्या आहेत. वसतिगृहावर नवा मजला चढविण्याचे घाटत आहे. त्यापूर्वी जाणत्या अभियंत्याकडून जुन्या इमारतीची तपासणी करून घ्यावी, मग त्यास सहा महिने अधिक लागले तरी चालेल. आणि दर ३० सप्टेंबरला आपण श्रद्धांजली वाहतो, त्याच दिवशी वसतिगृहातील मुलांकडून भूकंपाचा सराव करून घ्यावा. पहिल्या वर्षी शिकविण्याची जबाबदारी आम्ही घेतो. मुलांच्या टोपड्यांसाठी जुनी लुगडी जमविण्याचे काम सौ.नी आधीच आरंभिले आहे. भगिनींनी सढळ हाताने द्यावीत.

नातीचे टोपडे आजही तिच्या वर्गात खुर्चीवर आहे. त्याच्या आतल्या पदरावर सौ.नी तांबड्या दोऱ्याने बहिणीचे नाव भरले आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी नातीने विचारले, “आजी, हे कोणाचं नाव?” सौ. म्हणाल्या, “तुझ्या मावशीआजीचं. तुझ्या डोक्यावर तिचा हात असू दे.”