मुंबई पाहायची ती रानासह

मुंबई पाहायला निघालेल्या माणसाच्या मनातली यादी आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. गेटवे, मरीन ड्राइव्ह, राणीची बाग, सिद्धिविनायक, थोडी खरेदी आणि वेळ उरलाच तर घारापुरीची बोट. निसर्ग पाहायचा झाला तर त्यासाठी वेगळी सुट्टी काढायची, वेगळा खर्च करायचा आणि माथेरान, महाबळेश्वर नाहीतर ताडोबा गाठायचे. शहर एकीकडे आणि रान दुसरीकडे, ही वाटणी आपण इतकी गृहीत धरली आहे की ती कोणी केली हेही विचारत नाही. माझे म्हणणे असे आहे की निदान मुंबईपुरती ही वाटणी खरी नाही. एखाद्या मित्राबरोबर किंवा मैत्रिणीबरोबर दोन-तीन दिवस मुंबईत काढायचे असतील तर शहर आणि रान एकाच प्रवासात, एकाला लागून दुसरे, असे पाहावे. दोन्हींची मौज मिळते हे तर आहेच. पण एक वगळले तर दुसरे नीट कळतच नाही, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

नकाशा समोर धरला की पहिला पुरावा मिळतो. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत आणि ठाण्याच्या येऊरपासून घोडबंदरपर्यंत सुमारे 104 चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. त्याच्या जवळजवळ सगळ्या कडांना इमारती येऊन भिडल्या आहेत. चर्चगेटहून जलद लोकलने साधारण तासाभरात बोरिवली येते आणि स्टेशनपासून उद्यानाचे दार रिक्षाने काही मिनिटांवर आहे. पण नुसते जवळ असणे म्हणजे नाते नव्हे. नाते पाण्याचे आहे. मुंबई बेटावर विहिरी आणि तळी पुरेनाशी झाली तेव्हा साष्टीच्या याच डोंगरात विहार तलाव बांधला गेला आणि 1860 च्या सुमारास त्याचे पाणी नळाने शहरात पोचले. पुढे 1879 मध्ये तुळशी तलाव झाला. आज शहराचा मोठा भार भातसा, वैतरणा, तानसा यांच्यावर आहे आणि विहार-तुळशीचा वाटा अगदी लहान राहिला आहे. तरी महानगर म्हणून मुंबईची वाढ ज्या पाण्यावर सुरू झाली ते या रानातून आले, ही गोष्ट आकड्यांनी पुसली जात नाही. मिठी नदीचेही तसेच. विहार आणि पवई तलावांचे ओसंडणारे पाणी घेऊन ती निघते. मरोळ, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल, धारावी असे करत माहीमच्या खाडीला मिळते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि आपण नाला म्हणून विसरलेली ही वाट नदी आहे, हे शहराला फार मोठी किंमत देऊन कळले. मिठी फक्त कुर्ल्याच्या पुलावरून पाहिली तर ती घाण वाटते. आदल्या दिवशी डोंगर पाहिलेला असला तर तिच्याकडे पाहताना राग येतो, आणि तो राग योग्य आहे.

दुसरा पुरावा दगडात कोरलेला आहे आणि तो मला सर्वांत बोलका वाटतो. उद्यानाच्या पोटात कान्हेरीची लेणी आहेत. शंभराहून अधिक. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास सुरू झालेले हे काम सुमारे हजार वर्षे चालले. आपली सवय अशी की भिक्षू रानात गेले म्हणजे त्यांनी जग सोडले, असे मानायचे. पण तिथले ब्राह्मी शिलालेख वेगळे सांगतात. लेणी, पाण्याच्या पोढी, बसायचे ओटे, वाटा यांची दाने नोंदवलेली आहेत आणि दान देणारे कल्याणचे, सोपाऱ्याचे, चौलचे व्यापारी आणि कारागीर आहेत. कोणी शेत दिले आहे, कोणी कायम ठेव दिली आहे, की तिच्या व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांची सोय व्हावी. म्हणजे समुद्रमार्गे होणाऱ्या व्यापारातून मिळालेले धन बंदरांतून निघून डोंगरात जात होते. तिथे एक विद्यास्थान उभे राहिले आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळात तिथला मोठा चैत्य कोरला गेला. पुढे 1009 आणि 1021 साली पारशी प्रवाशांनी तिथे येऊन पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली. शहरातून चार जणांनी मिळून रानात जावे, पाहावे, परतावे, ही रीत मुंबईच्या जन्माच्या कितीतरी आधीची आहे. कातळात खोदलेल्या पन्हळी पावसाचे पाणी एकेका पोढीत कसे उतरवतात हे तिथे निवांत पाहावे. आणि दुसऱ्या दिवशी गोदीच्या किंवा फोर्टच्या बाजूने फिरावे, म्हणजे बंदर आणि डोंगर यांचा दोन हजार वर्षांचा व्यवहार डोळ्यांपुढे उभा राहतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो. ज्या रानाच्या दाराशी तिकीटखिडकी आहे, सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी आहे, ते रान कसले? ती तर मोठी बागच. हा आक्षेप दारापाशी उभे राहून घेतलेला आहे. आत बिबट्या राहतो, आणि तोही इतक्या दाटीने की 2015 च्या कॅमेऱ्यांच्या मोजणीत या परिसरात सुमारे 35 बिबटे आढळले आणि नंतरच्या मोजण्यांत ही संख्या वाढलेली दिसली. ते चितळ, रानडुक्कर खातात आणि कडेच्या वस्त्यांतली भटकी कुत्रीही खातात. हे रान बेटासारखे पूर्ण तुटलेलेही नाही. टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक नर बिबट्या 2009 साली वनखात्याने वाचवला, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला. तो महिन्याभरात सुमारे 120 किलोमीटर चालून, महामार्ग आणि रेल्वेचे रूळ ओलांडून मुंबईच्या या बाजूला आला. अभ्यासकांनी त्याला आजोबा म्हटले आणि त्याच नावाने 2014 मध्ये मराठी चित्रपटही आला. 2011 मध्ये महामार्गावर वाहनाची धडक बसून तो बिबट्या मेला. घाटमाथ्यापासून समुद्रापर्यंतचा प्रदेश त्याच्या लेखी एकच होता. पण घोडबंदरच्या रस्त्याने नागला आणि तुंगारेश्वर हे उत्तरेकडचे वनभाग या रानापासून तोडले गेले आहेत. आता बोरिवली-ठाणे बोगदा आणि गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता याच डोंगराखालून जायचे आहेत. अशा वेळी हे रान म्हणजे बाग की बिबट्याची वाट, या प्रश्नाच्या उत्तरावर बरेच काही अवलंबून आहे. म्हणून नागरिकांनी ते डोळ्यांनी पाहिलेले असावे असा माझा आग्रह आहे.

बिबट्याचे नाव काढले की लगेच भीतीचा मुद्दा येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 2004 मध्ये उद्यानाच्या कडेला बिबट्याच्या हल्ल्यांत अनेक माणसे गेली. 2022 मध्ये उद्यानालगतच्या आरे वसाहतीत एका चिमुरडीचा जीव गेला. उपाय म्हणून एका जागचे बिबटे पकडून दुसरीकडे सोडले की सोडलेल्या जागी हल्ले वाढतात, हे जुन्नर भागातल्या अभ्यासाने दाखवून दिले आहे. मुंबईतही पुढे पिंजऱ्यांपेक्षा कचरा, कुत्री, उजेड आणि लोकांशी संवाद यांकडे लक्ष वळले, तेव्हा हल्ले खूप कमी झाले. पण धोका कोणाच्या वाट्याला येतो हे पाहिले पाहिजे. वाटाड्याबरोबर दिवसा ठरलेल्या वाटेने जाणाऱ्या पाहुण्याला तो फारच थोडा आहे. ज्या पाड्यावर अंधार आहे, शौचालय लांब आहे, तिथल्या मुलाला तो रोजचा आहे. आरेतले आणि उद्यानातले वारली वाघोबाला पूजतात. जनावराशी शेजार कसा ठेवायचा याची त्यांच्याकडे पिढ्यांची समज आहे. पण या श्रद्धेचे कौतुक करून त्यांच्या दिव्यांचा आणि नळांचा प्रश्न टाळणे हा अन्याय आहे. आरेतली सुमारे 800 एकर जमीन 2020 मध्ये वन म्हणून राखून ठेवण्याचा निर्णय झाला तो योग्यच होता. त्या वनात माणसेही आहेत, हे त्याच वेळी लक्षात राहायला हवे.

आणखी एक आक्षेप निसर्गावर प्रेम करणाऱ्यांकडून येतो, आणि तो मला जास्त छळतो. मुंबई उपनगरांसह सव्वा कोटीचे शहर. त्यातल्या सगळ्यांनी रानात जायचे ठरवले तर रान उरेल का? प्लास्टिक, ढोल, माकडांना खायला घालणे, धबधब्यातली दंगामस्ती, हे सगळे तिथे होते हे नाकारण्यात अर्थ नाही. पण या त्रासाचा मोठा भाग येतो तो रानाला सहलीचे मैदान समजणाऱ्या मोठ्या घोळक्यांकडून. रानाकडे पाठ फिरवून बसलेल्या शहराने काय केले हेही आपण पाहिले आहे: तलावांच्या काठी बांधकामे, नद्यांचे नाले, डोंगराच्या उतारावर अतिक्रमण. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला उद्यानातली अतिक्रमणे हटवण्याचा आदेश द्यावा लागला आणि त्यात गरिबांची घरे गेली, ती वेळ या दुर्लक्षामुळेच आली. तेव्हा लोकांना रानापासून दूर ठेवण्यापेक्षा जाण्याची पद्धत बदलणे हाच उपाय आहे. शेकड्यांनी जाण्याऐवजी दोघांनी जावे. वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या असेल त्याच वाटेने जावे. पाण्याची बाटली नेली तशी परत आणावी.

इथेच मित्राचा मुद्दा येतो. मी एकट्याने किंवा सहलीच्या बसने न म्हणता मित्राबरोबर का म्हणतो? एकट्याने रानवाटेवर जाणे सुरक्षित नाही, हे एक कारण झाले. घोळक्यात गप्प राहता येत नाही, हे दुसरे. पण खरे कारण असे की शहर आणि रान यांतली भिंत आपल्या सवयीत असते, आणि स्वतःची सवय स्वतःला दिसत नाही. समजा दोघांतला एक दादरचा आहे आणि दुसरा जुन्नर-नारायणगावकडचा. दादरच्या माणसाला बिबट्या म्हणजे बातमीतले संकट. जुन्नरच्या माणसाला तो उसाच्या फडात रात्री पाणी द्यायला जाताना मनात असणारा शेजारी. तो सहज विचारेल, पाड्यावरच्या शेळ्या बांधतात कुठे, रात्री दिवे किती वाजता जातात? दादरच्या माणसाला हे प्रश्न सुचलेच नसते. उलट लोकलच्या गर्दीत अनोळखी लोक एकमेकांना जागा करून देतात, दारात उभा राहिलेला माणूस नवख्याला योग्य स्टेशनवर उतरवतो, हे शहराचे शहाणपण गावाकडच्या मित्राला दादरकरच दाखवू शकतो. दोघांचे मतभेद होतील, व्हावेत. मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडे पडली त्यावर दोघे भांडतील; एकाला लोकलमधली घुसमट दिसेल, दुसऱ्याला रानाची कड. ज्या जागेबद्दल वाद आहे त्या जागी उभे राहून, एकमेकांवर विश्वास असलेल्या दोन माणसांनी केलेला तो वाद सभेतल्या वादापेक्षा अधिक कामाचा असतो.

काही जण म्हणतील, माणूस निसर्गात जातो तो शहर विसरायला. तुम्ही तर तिथेही शहर आठवायला सांगता. थकलेल्या माणसाला विश्रांती हवी हे मान्य. पण कान्हेरीच्या माथ्यावर उभे राहिले की झाडांच्या पलीकडे टॉवर दिसतातच. ते दिसू नयेत म्हणून धडपडण्यात विश्रांती नाही. दोन्ही एकत्र पाहायची तयारी असेल तर मन शांतही होते आणि जागेही राहते.

तेव्हा, श्रोतेहो, जायचे ठरवलेत तर सोमवार टाळा, त्या दिवशी उद्यान बंद असते. पावसाळा संपता संपता गेलात तर डोंगर हिरवा असतो आणि ओढ्यांना पाणी असते. उतारांवरची कारवी आठ वर्षांनी फुलते. 2016 नंतर ती 2024 मध्ये फुलली, म्हणजे पुढचा बहर 2032 च्या सुमारास. तोवर कुडाच्या भिंतीत तिच्या काठ्या वापरलेल्या दिसल्या तर पाहून घ्या. पहिल्या दिवशी उजाडताच बोरिवलीहून कान्हेरी, दुपारनंतर लोकलने दक्षिणेकडे, संध्याकाळी गर्दीचे स्टेशन. दुसऱ्या दिवशी फोर्ट, क्रॉफर्ड मार्केट, माहीमच्या बाजूने मिठीचे मुख. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत जाणार असाल तर तिसरा दिवस ठाण्याच्या खाडीसाठी ठेवा. 2015 मध्ये अभयारण्य झालेल्या आणि 2022 मध्ये रामसर यादीत गेलेल्या या खाडीच्या चिखलात हजारो रोहित पक्षी चरतात आणि त्यांच्यामागे मुंबईच्या इमारतींची रांग दिसते. ऐरोलीहून बोटी सुटतात, पण त्या भरती-ओहोटीवर अवलंबून असतात. म्हणून आधी भरतीचे वेळापत्रक पाहा, बोटीची जागा राखून ठेवा, आणि मगच मित्राला तारीख कळवा.